माळ्यावरच्या 412 काचा: शहराच्या म्युझियमला दान कसं मिळतं त्याचं एक प्रकरण

मागच्या मे महिन्यात आत्याचा वाडा रिकामा करायला आम्ही सगळे जमलो होतो, डेव्हलपरने दोन महिन्यांची मुदत दिलेली आणि त्यातला दीड महिना भांड्यांच्या वाटण्यांतच गेला. आत्याच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं की माळ्यावर "काचा" आहेत. काचा म्हणजे काचेच्या निगेटिव्ह. वर चढून बघितलं तर एकच लाकडी खोकं उरलेलं. बाकीच्या कुठे गेल्या विचारलं तर आत्या म्हणाली, "अरे त्या सोड्याच्या गरम पाण्यात धुवून खिडक्यांना लावल्या, तेव्हा काच मिळत होती कुठे?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन तावदान नीट बघितलं, खालच्या लाकडी पट्टीला लागून जिथे घासणाऱ्याचा हात पोचला नसेल तिथे बोटभर रुंदीची करडी पट्टी राहिली होती आणि तिच्यात एका खुर्चीचा पाय आणि नऊवारीचा काठ दिसत होता, उजेडाचं काळं आणि काळ्याचा उजेड झालेला. त्या बाईचं बाकीचं सगळं मोरीतून वाहून गेलं.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे आम्ही आठ-दहा जण आमच्या गावात शहराच्या इतिहासाचं एक छोटं म्युझियम व्हावं म्हणून धडपडतोय. दर मीटिंगला इमारतीवर बोलणं होतं, निधीवर बोलणं होतं, आणि वस्तू कुठून आणायच्या हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "लोक देतील हो, लोकांच्या घरात खूप पडलंय." पडलंय हे खरं. पण लोक आपणहून देत नाहीत, आणि देतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून मी एक प्रकरण पुन्हा मुळापासून वाचून काढलं, ज्यात हा उशीर होता होता टळला. प्रकरण न्यूयॉर्कचं आहे, आणि मला वाटतं शहर-म्युझियमचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं.

आधी म्युझियमबद्दल. म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क 1923 मध्ये सुरू झालं. हेन्री कॉलिन्स ब्राउन नावाचा स्कॉटलंडहून आलेला लेखक त्याच्यामागे होता. सुरुवातीला ग्रेसी मॅन्शन नावाच्या एका जुन्या लाकडी घरात बस्तान होतं, हेच घर पुढे न्यूयॉर्कच्या महापौरांचं निवासस्थान झालं. फिफ्थ ॲव्हेन्यूवरची आत्ताची इमारत 1932 ला उघडली. म्हणजे म्युझियम आधी, वस्तू नंतर, इमारत त्याच्याही नंतर असा क्रम. आज तिथे साडेसात लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि त्यातला फार मोठा भाग कोणाच्या तरी घरातून, दुकानातून, स्टुडिओतून दान म्हणून आलेला आहे.

सुरुवातीला कोण देणार? ज्याच्याकडे आधीच जमवलेलं आहे तो. ब्रॉन्क्समध्ये जमिनीचे व्यवहार करणाऱ्या जे. क्लॅरेन्स डेव्हिस यांनी न्यूयॉर्कची चित्रं, नकाशे, प्रिंट्स आयुष्यभर गोळा केली होती, ती 1929 मध्ये म्युझियमला दिली. मग श्रीमंत घरांतले पोशाख, चांदी, फर्निचर. कॅरी स्टेटहायमर नावाच्या बाईंनी जवळपास 20 वर्षं खपून एक बाहुलीघर केलं होतं, त्यात मार्सेल द्युशॉंसारख्या चित्रकारांनी स्वतःच्या हाताने काढलेली टीचभर चित्रं टांगलेली आहेत, ते त्यांच्या मृत्यूनंतर बहिणीने दिलं. सगळं बघण्यासारखं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण बघा, दानावर चालणाऱ्या म्युझियममध्ये शहर कसं दिसतं, तर ज्यांच्या घरात माळा आहे, कपाट आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच घर आहे अशांचं शहर दिसतं. एका खोलीत बाराजण भाड्याने राहणाऱ्यांकडून चांदीची किटली येणार नाही. त्यांच्याकडून काहीच येणार नाही, कारण त्यांनी काही ठेवलेलंच नाही.

आता मूळ प्रकरण.

जेकब रीस आणि त्याने न जपलेले फोटो

जेकब रीस 1849 मध्ये डेन्मार्कमधल्या रीबे गावात जन्मला, 1870 मध्ये अमेरिकेत आला, सुरुवातीला इतकी वाईट परिस्थिती की पोलीस चौकीच्या धर्मशाळेत झोपायची वेळ आली, आणि पुढे त्याच शहरात पोलीस रिपोर्टर झाला. त्याचं ऑफिस मलबेरी स्ट्रीटवर, आजूबाजूला न्यूयॉर्कच्या सगळ्यात कोंदट चाळी. तो लिहायचा, लोक वाचायचे, फरक पडायचा नाही. मग 1887 मध्ये मॅग्नेशियमच्या पावडरने अंधारात उजेड पाडून फोटो काढायची जर्मन पद्धत त्याच्या वाचनात आली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन-तीन हौशी फोटोग्राफर सोबत घेऊन रात्री-अपरात्री चाळींमध्ये शिरायचं, पावडर पेटवायची आणि कॅमेरा उघडायचा. सुरुवातीला पावडर पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवायचे, लोक घाबरून पळायचे, म्हणून नंतर चक्क तळणीच्या तव्यात पावडर पेटवायला लागले. दोनदा घराला आग लागली होती.

1888 च्या जानेवारीत त्याने या फोटोंच्या स्लाइड्स दाखवत पहिलं व्याख्यान दिलं, 1890 मध्ये पुस्तक आलं, मलबेरी बेंडची ती कुप्रसिद्ध वस्ती पाडली गेली आणि 1897 मध्ये तिथे बाग झाली. पण फोटो त्याच्यासाठी हत्यार होते, व्याख्यानापुरते. पुस्तकातसुद्धा बरेचसे फोटो चित्रकाराकडून रेघांची चित्रं करून छापलेले. आपण फोटोग्राफर म्हणून काही कामाचे नाही असं त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे. काम झालं, काचा ठेवून दिल्या. 1914 मध्ये तो गेला.

त्यानंतर 30 वर्षांहून जास्त काळ त्या काचा कोणाला आठवल्या नाहीत. रीसचं नाव होतं, त्याच्या नावाने संस्था होत्या, शाळेच्या पुस्तकांत तो होता. पण मूळ निगेटिव्ह आहेत की नाहीत हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, म्युझियमलाही नाही. मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण आपण नेहमी धरून चालतो की महत्त्वाच्या माणसाच्या वस्तू आपोआप जपल्या जातात.

ज्याला सुचलं तो म्युझियमचा नव्हता आणि घरचाही नव्हता. अलेक्झांडर अलँड, जन्म सेवास्तोपोलचा, 1923 मध्ये अमेरिकेत आलेला, स्वतः फोटोग्राफर आणि स्वतः बाहेरून आलेला माणूस. त्याने रीसचं काम बघितलं आणि फोटोग्राफरच्या नजरेने लगेच ओळखलं की या छापील रेघांच्या मागे खरे फोटो असणार. त्याने रीसचा मुलगा रॉजर विल्यम रीस याला गाठलं आणि मागे लागला. एका पत्रावर थांबला नाही, पिच्छा पुरवला. शेवटी क्वीन्समधल्या रिचमंड हिल इथल्या रीसच्या जुन्या घराच्या माळ्यावर खोकी सापडली: 412 काचेच्या निगेटिव्ह, शिवाय दीडशेच्या वर स्लाइड्स आणि दोनशेच्या आत प्रिंट्स. 1946 मध्ये मुलाने हे सगळं म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्कला दान केलं.

अलँड एवढ्यावर गेला नाही. त्याने त्या निगेटिव्हवरून मोठे, नीट प्रिंट काढून दिले, आणि 1947 मध्ये म्युझियमने त्यातल्या 50 प्रिंट्सचं प्रदर्शन भरवलं. म्युझियमच्या बाजूने ग्रेस मेयर या क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या, होत्या. 1942 मध्ये बायरन कंपनीच्या बंद पडलेल्या स्टुडिओची 20 हजारांवर छायाचित्रं म्युझियमला आली होती, मेयरबाई त्यातच डोकं घालून बसलेल्या, म्हणजे फोटो हा इतिहासाचा दस्तऐवज आहे हे ज्यांना समजावून सांगावं लागणार नाही अशा बाई त्या खुर्चीत होत्या. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. 1946 मध्ये बहुतेक ठिकाणी जुन्या निगेटिव्हला कोणी विचारत नव्हतं, आणि अलँड एखाद्या अशा ऑफिसात गेला असता जिथे फक्त तैलचित्रं आणि झुंबरं घेतात, तर त्याला परत पाठवलं असतं.

म्हणजे तीन माणसं लागली. घरातला ज्याचा हक्क आहे तो, बाहेरचा ज्याला किंमत कळते तो, आणि म्युझियममधला ज्याच्या हातात "हो" म्हणायची ताकद आहे तो. आत्याच्या वाड्यात पहिलं माणूस होतं. दुसरं मी असायला हवं होतं, पण मी लहानपणापासून त्या खिडकीतून बाहेर बघत होतो, खिडकीकडे नाही. तिसऱ्याला मी मे महिन्यात फोन केला, एका संस्थेत, तर उत्तर मिळालं की अर्ज पाठवा, समिती सहा महिन्यांनी बसते. डेव्हलपरची मुदत दोन महिने होती.

दान घेतल्यावर काय

वस्तू म्युझियमच्या दारात आली की गोष्ट संपली असं वाटतं, तसं नसतं. रीसच्या संग्रहाचा म्युझियममधला नंबर 90.13 ने सुरू होतो. पहिला आकडा वर्षाचा असतो. म्हणजे दान 1946 चं आणि आजच्या नोंदीचा नंबर 1990 चा, मधल्या 44 वर्षांत नोंद पुन्हा नव्याने बांधावी लागली. ज्यांनी कधी घरातल्या एका ट्रंकेची यादी करून बघितली आहे त्यांना हे पटेल, वस्तू मिळवायला एक दिवस लागतो आणि ती कुठली, कोणाची, कोणी काढलेली हे लिहायला एक पिढी जाते.

आणि लिहिताना दात्याचं म्हणणंही तपासावं लागतं. मुलाने वडिलांचे फोटो म्हणून दिले, चांगल्या मनाने दिले. पण अभ्यासकांनी बारकाईने पाहिल्यावर कळलं की सगळे रीसने काढलेले नाहीत. काही त्याच्यासोबत रात्री फिरणाऱ्या रिचर्ड हो लॉरेन्स आणि हेन्री पिफर्ड या हौशी मंडळींचे, काही इतरांकडून मिळवलेले. मलबेरी स्ट्रीटच्या एका गल्लीत टोपीवाले, दांडकंवाले तरुण दोन्ही बाजूंना उभे आहेत तो जगप्रसिद्ध फोटोसुद्धा या हौशी मंडळींच्या नावावर जातो. यात दात्याचा काही दोष नाही, घरात जे ऐकलं ते त्याने सांगितलं. म्हणून नोंदवहीत दोन वेगळे रकाने लागतात, दाता काय म्हणाला आणि आपल्याला काय सापडलं, आणि पहिला रकाना दुसऱ्यासाठी कधीही खोडायचा नाही.

रीसची पत्रं, डायऱ्या, व्याख्यानाचे कागद मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेले. म्हणजे एकाच माणसाचे फोटो एका शहरात आणि शब्द दुसऱ्या शहरात. 2015 मध्ये म्युझियमने लायब्ररीला सोबत घेऊन मोठं प्रदर्शन केलं तेव्हा ते एकत्र दिसले, रीस गेल्यानंतर शंभर वर्षांनी. घर रिकामं होताना कागद एका भावाकडे आणि फोटो दुसऱ्याकडे, हे आपल्याकडे तर रोजचं आहे, म्हणून ज्याच्याकडून काही घ्याल त्याला एवढं तरी विचारा की उरलेलं कोणाकडे आहे, आणि ते लिहून ठेवा.

अजून एक टोचणारी गोष्ट. रीसच्या संग्रहामुळे म्युझियममध्ये गरीब न्यूयॉर्क आलं हे खरं, पण त्या फोटोतल्या एकाही माणसाने काही दान केलेलं नाही. झोपेतून उठवून त्यांचा फोटो काढला, बहुतेकांची नावंसुद्धा लिहिली नाहीत. रीसची लिहिण्याची भाषा इटालियन, चिनी, ज्यू लोकांबद्दल अनेकदा खूप वाईट आहे. दाता एक आणि ज्याचं आयुष्य दान झालं तो दुसराच. आपल्याकडच्या गिरणी कामगारांचे, पालांवरच्या लोकांचे जे फोटो जमवले जातात तिथे हाच प्रश्न उद्या येणार आहे.

त्या मानाने 1994 चं दान बघा. मार्टिन वाँग नावाचा चित्रकार, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला राहायचा, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात नोकरी करायचा, तिथे रंग घ्यायला येणाऱ्या ग्राफिटीवाल्या, म्हणजे शहरातल्या भिंतींवर रंग फवारून चित्रं काढणाऱ्या, पोरांशी त्याची मैत्री झाली. शहराने ज्यांना गुन्हेगार ठरवलं होतं त्यांची चित्रं आणि स्केचच्या वह्या तो स्वतःच्या पैशांनी विकत घ्यायचा. 1989 मध्ये त्याने बाँड स्ट्रीटवर ग्राफिटीचं स्वतःचं म्युझियम काढलं, ते लवकरच बंद पडलं. 1994 मध्ये एड्सचं निदान झालं आणि त्याने सॅन फ्रान्सिस्कोला आईवडिलांकडे परत जायच्या आधी 300 हून जास्त कामं म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्कला देऊन टाकली. 1999 मध्ये तो गेला. म्युझियमने त्या संग्रहाचं मोठं प्रदर्शन 2014 मध्ये केलं. वीस वर्षं ते गोडाऊनमध्ये होतं, कोणी म्हणेल काय उपयोग, पण 1994 मध्ये "हो" म्हटलं नसतं तर 2014 मध्ये भिंतीवर लावायला काही नसतं. यात आणि रीसच्या दानात फरक हा की वाँगला प्रत्येक पोराचं नाव माहीत होतं.

वाँगबद्दल वाचताना मला आपले दिनकर केळकर सतत आठवत होते. अडकित्ते, दिवे, दौती, दारं, स्वयंपाकघरातल्या वस्तू असं घराघरातून माणूस जमवत राहिला, आणि पुढे सगळा संग्रह लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. एका माणसाने आधी शेकडो घरांची दारं वाजवायची आणि मग एकाच झटक्यात सगळं शहराला द्यायचं. म्युझियमच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा दाता, कारण निवडीचं आणि पायपिटीचं काम त्याने आधीच केलेलं असतं.

पैशांचं थोडक्यात. अमेरिकेत वस्तू दान केली तर तिच्या बाजारभावाइतकी वजावट आयकरात मिळू शकते, म्हणून श्रीमंत दात्यांना ओढ असते. मात्र 1969 च्या कायद्यापासून कलाकाराने स्वतःचं चित्र दिलं तर फक्त रंग-कॅनव्हासचा खर्च धरतात. आपल्याकडे आयकरात वस्तुरूप दानाला सवलतच नाही. म्हणजे इथे जो देतो तो फक्त मायेपोटी देतो, आणि त्याच्याशी वागताना याची जाण ठेवायला हवी.

आणि घेतलेलं दान कायमचं राहतंच असंही नाही. तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या घरातली झोपायची खोली आणि तिच्या शेजारची ड्रेसिंग रूम त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने या म्युझियमला दिली होती, अख्ख्या खोल्या, भिंतींच्या लाकडासकट. पुढे 2008 च्या सुमाराला म्युझियमने त्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या, एक मेट्रोपॉलिटन म्युझियमला, एक व्हर्जिनियातल्या रिचमंडला. विकल्या नाहीत, दुसऱ्या म्युझियमला दिल्या, त्यामुळे लोकांना त्या अजून बघता येतात. मला हे बरोबर वाटतं, पण दानपत्रात हे आधी लिहिलेलं असावं. आमच्या मसुद्यात आम्ही हे वाक्य घातलंय की पुढे जागा बदलावी लागली तर वस्तू सार्वजनिक संस्थेलाच दिली जाईल, आणि घरच्यांना आधी कळवलं जाईल. वापराचे हक्क कोणाकडे, फोटो इंटरनेटवर टाकायचे का, हेही. दोन पानी कागद आहे, मराठीत, वाचून दाखवता येईल असा.

उरलेलं खोकं

त्या खोक्यात 31 काचा निघाल्या. 3 फुटलेल्या. एका ओळखीच्या जाणत्या बाईंनी फोनवर सांगितलं तसं केलं, ओलं फडकं अजिबात लावलं नाही, मऊ ब्रशने फक्त काचेच्या बाजूची धूळ काढली, प्रत्येक काच वेगळ्या कागदाच्या पाकिटात, आणि आडव्या न रचता ताटं ताटाळ्यात उभी ठेवतो तशा उभ्या ठेवल्या. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर एकेक धरून मोबाइलने फोटो काढले आणि उलटे करून आत्याला दाखवले. तिने सातजण ओळखले. एक बोहाऱ्याच्या दुकानातला हिशेबनीस, एक सुईण, दोन बहिणी ज्यांचं लग्न एकाच मांडवात झालं. ती बोलत होती आणि मी लिहीत होतो, पहिल्या रकान्यात.

खिडकीतलं ते तावदानही मी सुताराकडून काढून घेतलं, पट्टीसकट.

मग दानपत्रावर सही करायची वेळ आली. म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्कमध्ये रीसच्या प्रत्येक फोटोखाली आजही रॉजर विल्यम रीस यांची भेट असं लिहिलेलं असतं, ते मी आत्याला सांगितलं होतं. तिने पेन हातात घेऊन विचारलं, "मग यावर नाव कोणाचं येणार?" मी म्हटलं तुझं, तू देतेस. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "सासूबाईंचं घाल. बाकीच्या धुतल्या तेव्हा हे खोकं त्यांनी गादीच्या गठ्ठ्यामागे सरकवून ठेवलं होतं, म्हणाल्या यात माझी सुईण आहे, हिला धुवायची नाही."

दात्याच्या रकान्यात आम्ही दोन्ही नावं लिहिली आहेत.